तुम्ही विचारलंत म्हणून: अण्णांचा मुलगा आणि पुस्तक

सांगलीला गेलो की कुणीतरी विचारतंच, "अण्णांचा मुलगा ना तू? मग पुस्तक उघडून गाडी दुरुस्त करतोस?" यंदा तिघांनी विचारलं. एकदा लिहूनच टाकतो.

अण्णा 32 वर्षं एसटीच्या वर्कशॉपात होते. नुसत्या आवाजावरून कुठला टॅपेट वाजतोय ते सांगायचे. मला ते आलं नाही, त्याचं वाईटही वाटतं. पण माझी गाडी 1991 ची सित्रोएन बीएक्स आहे, फ्रान्समध्ये ग्रनोब्लला घेतलेली. हिला स्प्रिंगाच नाहीत. चाकांशी नायट्रोजन भरलेले लोखंडी गोळे आणि 145 ते 170 बार दाबाचं तेल. तेच तेल ब्रेकला, तेच स्टिअरिंगला. पाइप सोडवण्याआधी रेग्युलेटरचा स्क्रू सैल करून दाब उतरवायचा असतो. हे कान लावून कसं कळणार? त्यासाठी इथले मेकॅनिक ज्याला नुसतं 'एर-ते-आ' (आरटीए) म्हणतात ते, एकेका मॉडेलची दुरुस्ती सांगणारं पुस्तक लागतं.

2004 च्या मे महिन्यात आई-अण्णा आमच्याकडे आले होते. आन्सी गावाला जायच्या आदल्या संध्याकाळी या दाबाच्या तेलाच्या टाकीत तेल कमी दिसलं. अण्णा म्हणाले, "ब्रेकचंच तेल ना रे? मग ब्रेक ऑइल घाल की." जीप, फियाट, अँबॅसिडर, सगळ्यांना तेच चालायचं. डॉट 4 म्हणजे नेहमीच्या ब्रेक ऑइलचा अर्ध्या लिटरचा डबा मीच आणून दिला. टाकीचं झाकण हिरवं होतं. या गाडीत हिरवं खनिज तेल, म्हणजे एलएचएम, सोडून दुसरं काही घालायचं नाही, हे पुस्तकात ठळक छापलेलं होतं. मी ते वाचलेलं होतं. होय, वाचलेलं होतं.

मग गप्प का राहिलो? वडिलांचा मान राखला, असं मी कितीतरी वर्षं सांगत आलो. खरं तर त्या क्षणी मला पुस्तकापेक्षा अण्णांचा हात खरा वाटला. की तो खरा ठरावा असं वाटत होतं? अजून सांगता येत नाही.

चौथ्या दिवशी स्टिअरिंग जड झालं, लाल 'स्टॉप'चा दिवा लागला, गाडी मागून खाली बसली. टाकीतलं तेल काचेच्या बरणीत ओतलं. वर हिरवं, खाली पिवळट, मध्ये सुरीनं कापल्यासारखी रेघ. ब्रेक ऑइल जड, ते तळाशी बसतं, आणि पंपाची नळी तळाकडूनच तेल ओढते. एलएचएमसाठी बनवलेल्या रबराला ते सोसत नाही. मागच्या सिलिंडरमधलं सील फुगून बुळबुळीत झालं होतं. अण्णांनी ते बोटांत दाबून बघितलं, नव्या सीलशेजारी ठेवलं. बोलले काहीच नाहीत.

पुढचे दहा दिवस ते माझ्याबरोबर गॅरेजात बसले. फ्रेंच येत नव्हतं, पण सुटे भाग उकलून दाखवणारी चित्रं त्यांना माझ्याआधी कळायची. वर्तमानपत्रावर रिंगा क्रमानं मांडून त्यांनी शेजारी पेन्सिलीनं मराठी आकडे घातले. गाडी दुरुस्त व्हायच्या आत त्यांच्या विमानाची तारीख आली. नंतर फोनवर त्यांनी गाडीचं कधी विचारलं नाही. ती सुरू झाली, हे मीही सांगितलं नाही. का नाही सांगितलं, हे मला कुणी विचारत नाही.

तेव्हा अण्णांना कमी लेखतो म्हणून पुस्तक उघडतो, असं समजू नका. पुस्तकाचीही मला चीड येते. 'जोडणी उलट क्रमानं करावी' एवढं लिहून ते मोकळं होतं. गंजलेला बोल्ट न मोडता कसा काढायचा, हे सांगायला अण्णाच लागायचे.

सध्या मागचं उजवं चाक धरणाऱ्या आर्मची बेअरिंगं गेली आहेत, चाक वरून आत झुकलंय. दर दोन वर्षांची सक्तीची तपासणी पुढच्या महिन्यात आहे. पुस्तकातलं बेअरिंगांचं पान उघडून ठेवलंय. आणि अण्णा सोडायचे तसं, बोल्टांवर रात्रीच डिझेल सोडलंय.