एमएएफ नवा, तरी आयडलला +14

राजेहो, मेच्या सुरुवातीला एमएएफची (इंजिनात किती हवा जाते ते मोजणारा सेन्सर) दुसऱ्यांदा साफसफाई करून "राणीच्या ट्रिमचा विषय संपला" असं लिहून मी मोकळी झाले होते. राणी म्हणजे माझी गाडी. तीन आठवडेही टिकलं नाही. नवतपा लागला त्याच दिवशी नागपुरात, छत्रपती चौकात, सिग्नलला, चेक इंजिनचा दिवा परत पेटला. कोड तोच, पी0171, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. लाँग टर्म ट्रिम, म्हणजे ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) हिशेबापेक्षा किती टक्के जास्त पेट्रोल सोडतोय तो आकडा, +20. तिसऱ्या गिअरला पिकअप असा मेलेला, की वर्धा रोडवर एसी चालू ठेवून ट्रकला ओव्हरटेक करायचं तर आधी नवस बोलावा लागे.

सेन्सर तिसऱ्यांदा काढला. त्याच्या आतल्या गरम तारेवर पुन्हा तोच चिकट, लालसर थर. आणि या वेळी डोक्यात उजेड पडला, कारण इतका लाल रंग माझ्या गॅरेजमध्ये एकाच बाटलीत आहे. जानेवारीत ज्या तेल लावायच्या कापडी एअर फिल्टरचं मी इथे तोंडभरून कौतुक केलं होतं, त्याच्या तेलाची ती बाटली. "तेल एमएएफवर जाईल" असं तेव्हा ज्यांनी सांगितलं आणि ज्यांना मी चार ओळींचं उत्तर ठोकलं, त्यांची जाहीर माफी. फिल्टरची चूक कमी, माझ्या हाताची जास्त. धुतल्यावर मी त्यावर तेल सोडलं ते वरणावर तूप सोडावं तसं.

त्या तेलावर आपल्या सिमेंट रोडच्या कामांची धूळ बसते आणि तारेला गोधडी पांघरल्यासारखं होतं. हवा वाहते, पण तार पाहिजे तेवढी थंड होत नाही. ती गरम ठेवायला करंट कमी लागतो, ईसीयूला वाटतं हवाच कमी आली, मग पेट्रोलही कमी सोडतो. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर "पेट्रोल कमी" म्हणून ओरडतो, ईसीयू पेट्रोल वाढवत जातो आणि ट्रिम वर चढत राहतो.

कागदी फिल्टर परत बसवला. एमएएफ क्लीनर संपला होता म्हणून सीताबर्डीत गेले, तर काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "ताई, काहून पैसे वाया घालवता? कार्बचा डबा न्या, सारखंच असते." सारखं नसते भाऊ. कार्ब क्लीनर (कार्ब्युरेटर धुवायचा स्प्रे) प्लास्टिक आणि तारेवरचं कोटिंग खातो. एमएएफचाच स्प्रे घ्या, दहा-बारा फवारे मारा, पूर्ण वाळू द्या. इअरबड तर जवळही नेऊ नका.

पण तिसऱ्या धुण्यानंतरही ट्रिम +12 च्या खाली येईना. सेन्सरचा कपलर (वायरचा प्लग) काढून गाडी चालवली तर ईसीयूच्या अंदाजपंचे हिशेबावर राणी जास्त बरी पळाली. म्हणजे सेन्सर गेला, बदलायचाच.

इथे मी पैसे वाचवायला गेले. ऑनलाइन 1,450 रुपयांचा आला, खोकं अगदी ओरिजिनलसारखं. दोन स्क्रू, एक कपलर, दहा मिनिटांचं काम. रात्रभर गाडी उभी ठेवली आणि पहाटे साडेपाचला, स्टार्टर न मारता, फक्त इग्निशन ऑन करून डोंगलवर (गाडीला लावून सेन्सरचे आकडे दाखवणारा) बघितलं. कूलंट 32 अंश, इनटेकची हवा 44. रात्रभर थंड झालेल्या गाडीत हे दोन आकडे जवळपास सारखे यायला हवेत, कारण हवेच्या तापमानाचा सेन्सर आपल्या एमएएफच्याच पोटात असतो. बारा अंशांचा फरक बघून इंजिन चालू करायच्या आधीच निकाल लागला. तरी हट्टाने केलं. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, 1.4 ग्रॅम हवा प्रति सेकंद, जिथे राणी निरोगी असताना 2.2 दाखवायची. परत पाठवला. पैसे आले, हे त्यातल्या त्यात.

मग गुपचूप कंपनीच्या काउंटरवरून 8,600 चा. पहाटेची तीच परीक्षा: 32 आणि 31. मला नाचावंसं वाटलं. बाबा कठड्यावरून म्हणाले, "एवढ्या सकाळी एक अंशावर कोण खूश होतं?" इथले सगळे होतात, बाबा.

उन्हं वर यायच्या आत शिवमडक्याकडून समृद्धीला लागले. दुसऱ्या गिअरमध्ये फुल थ्रॉटल, 5,500 आरपीएमला सेकंदाला 78 ग्रॅम हवा. हिशेब करून बघा: 1.8 लिटरचं इंजिन, फोर स्ट्रोक, म्हणजे दोन फेऱ्यांत एकदा हवा, म्हणजे सेकंदाला 82.5 लिटर. इनटेकमधली चाळीस अंशांची हवा लिटरला 1.08 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे 89. सिलिंडर पूर्ण भरत नाही, म्हणून त्याचे नव्वद टक्के धरले की 80. जुना सेन्सर धुतल्यावरही 58 वर अडकायचा. क्रूझला, म्हणजे एकसारख्या वेगात, ट्रिम +2!

आणि घरी येऊन आयडलला बघते तर +14.

तासभर बोनेट उघडं टाकून नुसती बसले. मग जुने लॉग काढले आणि कपाळावर हात मारला. चार महिने मी फक्त हायवेवरचा आकडा बघत होते. आयडलचा फेब्रुवारीपासून वरच होता, तेलाच्या गोंधळात तो झाकला गेला. एमएएफच्या पुढे, मॅनिफोल्डकडे (सिलिंडरांना हवा वाटणारा भाग) कुठे गळती असेल तर आत शिरणारी, न मोजलेली चोरटी हवा साधारण तेवढीच राहते. आयडलच्या दोन ग्रॅममध्ये ती डोळ्यांत खुपते, 2,500 आरपीएमच्या लोंढ्यात विरघळून जाते. एमएएफ मंदावला असेल तर उलट, रेस वाढेल तसा ट्रिम वाढतो. मला दोन्ही रोग एकदम होते.

तापलेल्या इंजिनवर स्प्रे मारून गळती शोधायची पद्धत मला पटत नाही, या उन्हात तर नाहीच. म्हणून पत्र्याच्या डब्यात धूप, फिश टँकचा पंप आणि ब्रेक बूस्टरच्या होजमधून आत धूर. आई म्हणाली, "देवाचा धूप गाडीला?" दुसऱ्या मिनिटाला मॅनिफोल्डच्या मागून निळसर रेघ निघाली. पीसीव्हीचा होज (इंजिनच्या पोटातली वाफ परत इनटेकमध्ये नेणारा), वळणावर, खालच्या बाजूने. उन्हाळ्यांनी शेवेसारखा कडक झालेला, नखाएवढी चीर. 180 रुपये! आयडल +3, क्रूझ +2.

रविवारी थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप) उतरवणार होते, पण हे लिहिता लिहिता दुसरंच सुचलं. जुना सेन्सर मी भंगारात टाकणार होते, पण तो खरंच मेलाय की फक्त तेलकट आहे? 12 व्होल्टची बॅटरी, मल्टिमीटर सिग्नलच्या पिनवर, समोर टेबल फॅन, तीन स्पीड. कूलर नको, ओल येते. नव्या-जुन्याचे आकडे शेजारी मांडते. थ्रॉटल बॉडी पुढच्या रविवारी. पाच पिनचा रिकामा कपलर कोणाकडे पडला असेल तर सांगा, राणीची वायर मी कापणार नाही.