मानधन ते कोटेशन : आमची वाटचाल

शाल, श्रीफळ आणि पाकीट. आमच्या धंद्यात पहिली कमाई अशीच येते, आणि पाकीट घरी येऊनच उघडायचं असतं. 4 मार्च 2009 ला नाशिकमधल्या सातपूरच्या एका कारखान्यात मी सुरक्षा दिनाचं पहिलं व्याख्यान दिलं, तेव्हा पाकिटात 501 रुपये निघाले. जायच्या-यायच्या रिक्षातच 140 गेले होते. नारळाची चटणी केली. शाल अजून आहे. आता घरात इतक्या शाली साठल्यात, की थंडीत शेजाऱ्यांना वाटते.

मराठी माणसाला व्याख्यान फुकट ऐकायची सवय आहे. ती वाईट आहे असं मी म्हणणार नाही, कारण मीही त्याच सवयीवर वाढले. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, आणि मग गावोगाव तसल्या माळा गुंफल्या गेल्या. आमच्या नाशकातली मे महिन्यात गोदाघाटावर भरते. पहिली शिफ्ट करून आले की अण्णा, म्हणजे माझे वडील, मला सायकलवर पुढे बसवून तिकडे न्यायचे. निम्म्या व्याख्यानात मी झोपलेली असायचे. पण माइकसमोर एक माणूस उभा राहतो आणि पायऱ्यांवरचे शेकडो लोक गप्प बसतात, एवढं मात्र डोक्यात पक्कं बसलं. बोलणं विकता येतं हे कळायला पुढे वीस वर्षं लागली, आणि घरच्यांना पटायला आणखी पाच.

तेव्हा मी पतसंस्थेत कारकून होते, गणपतीत कॉलनीच्या कार्यक्रमांचं निवेदन करायचे. सातपूरचं ते व्याख्यान मिळालं तेही ठरलेले वक्ते आजारी पडले म्हणून. दोन दिवसांत काय बोलणार? मग घरातलंच सांगितलं.

1991 साली अण्णा एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे यंत्राने पत्रा दाबून भाग काढतात तिथे, ऑपरेटर होते. नगावर इन्सेंटिव्ह होता. पॉवर प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हात गुंतावेत आणि डायखाली, म्हणजे वरून आदळणाऱ्या साच्याखाली, एकही राहू नये म्हणून. पण दोन्ही हात गुंतले की नग कमी निघतात. म्हणून एका बटणात आगकाडी खुपसून ते दाबलेलंच ठेवायचं आणि मोकळ्या हाताने पत्रा सरकवायचा, अशी शॉपमधली रीत होती. सुपरवायझरला माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत होतं. उजव्या हाताची दोन बोटं गेली. आताच्या प्रेसवर ही युक्ती चालत नाही. दोन्ही बटणं जवळपास एकाच क्षणी दाबावी लागतात आणि दर स्ट्रोकला सोडावी लागतात. तेव्हा चालायची.

आमची सगळी फर्म त्या आगकाडीवर उभी आहे. मी स्टेजवर जाते, काडेपेटीतून एक काडी काढते आणि न बोलता पहिल्या रांगेतल्या माणसाच्या हातात देते. मग बोलायला सुरुवात.

हत्यारांबद्दल सांगते, कारण नव्या मुलामुलींना वाटतं की या धंद्याला तोंड पुरतं. माइक स्वतःचा हवा. माझा शुअरचा एसएम 58, 2012 साली घेतलेला, तेव्हाची दोन व्याख्यानांची कमाई. जाळीला पोचा पडलाय, आवाजात फरक नाही. सोबत दोन वायरी, एक तीन पिनांची आणि एक जाड पिनेची, कारण कॅन्टीनमधला आहुजाचा अॅम्प्लिफायर कुठला आणि किती जुना निघेल याचा नेम नसतो. माइकच्या जाळीला मूठ मारून धरू नका, स्पीकरमधून शिट्टी त्यानेच येते. स्पीकरच्या पुढे जाऊन उभं राहू नका. एक्झॉस्ट फॅन बंद करायला आधी सांगा आणि मगच चपला काढून स्टेजवर चढा, नंतर कुणी ऐकत नाही. कोमट पाण्याचा थर्मास, ज्येष्ठमधाची काडी. तिसऱ्या शिफ्टला प्रोजेक्टर लावूच नका, अंधार झाला की माणसं झोपतात, आणि त्यांची काही चूक नसते.

2011 मध्ये एक भागीदार मिळाले. आधी ट्रेनिंग ऑफिसर होते, इंग्रजी चांगलं, एचआरवाल्यांशी ओळखी. नाव घेत नाही. माझ्याकडून ‘मानधन’ हा शब्द त्यांनीच सोडवला. म्हणाले, मानधन म्हटलं की समोरचा मान देतो आणि धन पुढच्या महिन्यावर ढकलतो. तुम्ही कोटेशन द्या. मग लेटरहेड आलं, कंपनीच्या पुरवठादारांच्या यादीतला व्हेंडर कोड आला, पीओ, म्हणजे लेखी ऑर्डर, आल्याशिवाय गाडीत बसायचं नाही हा नियम आला. 10 टक्के टीडीएस, म्हणजे आयकर आधीच कापून आलेला पहिला चेक बघून मी घाबरले होते, वाटलं काहीतरी चूक झाली आणि दंड केला. त्यांनीच समजावलं. हे त्यांचं देणं मी नाकारत नाही.

2012 ते 2016 बरी गेली. सातपूर, अंबड, सिन्नर, पुढे चाकण आणि वाळूजपर्यंत.

2017 मध्ये आम्ही वेगळे झालो. हिशोबावरून नाही, माझं म्हणणं होतं की महिला दिनालाही सुरक्षेवरच बोलायचं, त्यांना ‘स्त्रीशक्ती’ हवी होती, जास्त खपते म्हणून. चहा पिऊन वेगळे झालो. लेखी काही केलं नाही. इथे थांबून सांगते: लेखी करा. चहा कितीही चांगला असला तरी.

पुढच्या मार्चमध्ये सिन्नरजवळच्या एका कारखान्यात गेले. काडी पहिल्या रांगेत दिली, आणि तो पोरगा शेजारच्याकडे बघून हसला. मी बोलत राहिले, पण हॉल सुटलाय हे वक्त्याला पायाखाली कळतं. कार्यक्रमानंतर हात धुवायच्या नळाशी तोच पोरगा आला.

“मॅडम, राग मानू नका. हे आम्ही मागच्या वर्षाअखेर ऐकलंय. ते सर आले होते ना, त्यांच्या वडिलांची पण अशीच बोटं गेली.”

“किती?” माझ्या तोंडून एवढंच निघालं.

“तीन.”

दोनाची तीन केली होती. काडेपेटी तीच, पहिली रांग तीच, काडी देताना मी जेवढी थांबते तेवढं थांबणंही तेच. त्यांचे वडील बँकेत होते, मी त्यांच्या घरी जेवलेय. त्या माणसाच्या दाही बोटांनी मला श्रीखंड वाढलंय.

रात्रभर झोपले नाही. वकिलाकडे गेले. ते म्हणाले, घडलेल्या गोष्टीवर कॉपीराइट नसतो, मांडणीवर असतो. मांडणी लिहून ठेवलीय? रेकॉर्डिंग आहे? नव्हतं. नऊ वर्षं मी तोंडी माल विकत होते. चोरी कसली सिद्ध करणार? त्या वर्षी सात जुनी गिऱ्हाइकं तिकडे गेली. दर आमच्यापेक्षा कमी आणि एक बोट जास्त. एका एचआर मॅडमनी फोनवर सरळ विचारलं, “तुमचा आणि सरांचा विषय सेमच आहे ना? मग रेटचं काय ते बघा.”

घरी मी हे जेवताना सांगितलं. चांगलीच तणतणले. माझी गोष्ट चोरली, माझी गोष्ट चोरली, असं किती वेळा म्हटलं कुणास ठाऊक. अण्णा भाकरी मोडत होते, डाव्या हाताने, ती सवय 1991 पासूनची. शेवटी म्हणाले, “त्याने तुला इचारलं नाही म्हणतेस. तू मला कधी इचारलं व्हतं?”

विचारलं नव्हतं. नऊ वर्षांत एकदाही नाही. सातपूरच्या रस्त्यावर त्यांना पोरं ओळखायची, ‘काडीवाले काका’ म्हणायची, आणि ते का म्हणतात हे त्यांना पानटपरीवर दुसऱ्याच कुणाकडून कळलं होतं. आगकाडी त्यांनी स्वतः खुपसली होती हेही मी दर कार्यक्रमात हजार माणसांसमोर सांगत होते. घरात ते वाक्य आम्ही कधी उच्चारत नसू.

मी सहा महिने ती गोष्ट सांगितलीच नाही. पीपीई म्हणजे हेल्मेट-हातमोजे, फाइव्ह एस म्हणजे कामाच्या जागेची टापटीप, अपघाताचं मूळ कारण कसं शोधायचं, असलं बोलले. लोक जांभया द्यायचे. धंदा बसायचा तो तेव्हा बसला.

अंबडच्या एका कारखान्यातले पर्सोनेलचे साहेब हे आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. बिल तेराव्या दिवशी देणारा माणूस, आमच्या लाइनमध्ये असा दुसरा मी पाहिला नाही. त्यांनी 2019 च्या सुरक्षा सप्ताहाला बोलावलं आणि म्हणाले, ताई, काडीचं सांगा. मी म्हटलं, आता सांगत नाही. कारण विचारलं तर सगळं बोलून गेले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “काकांना घेऊन या ना. हो म्हणाले तर.”

अण्णा हो म्हणाले नाहीत. फक्त त्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसले होते.

कॅन्टीनमध्ये मी बोलले, काडी दिली. शेवटी अण्णा उठले. मी माइक पुढे केला, त्यांनी उजव्या हाताने घेतला, उरलेल्या बोटांत तो तिरपा बसला. म्हणाले, “काडी मीच घातली व्हती. कोणी सांगितलं नव्हतं. दिवसाला चाळीस नग जास्त निघायचे.” एवढंच. माइक परत दिला. ताटांचा आवाजसुद्धा नव्हता. माझ्या दहा वर्षांच्या व्याख्यानांना असली शांतता कधी मिळाली नाही, आणि खरं सांगायचं तर थोडा हेवा वाटला.

त्यानंतर कोटेशनमध्ये दोन माणसं धरायला लागलो. हे कुणाला चोरता येणार नव्हतं.

2020 चं सगळ्यांना माहीतच आहे. मार्चची बिलं अडकली, एप्रिल-मेची कामं रद्द झाली. मेच्या शेवटी त्याच साहेबांचा फोन आला, कारखाना निम्म्या माणसांवर सुरू होतोय, मास्क आणि अंतर यावर दोन-दोन मिनिटांचं मराठीत रेकॉर्ड करून द्या, व्हॉट्सअॅपवर फिरवतो. गोधडीखाली बसून रेकॉर्ड केलं, आवाज घुमू नये म्हणून. बिल तेराव्या दिवशी. पुढे झूमवर काळ्या चौकोनांसमोरही बोलले, पण त्याबद्दल न लिहिलेलं बरं.

उद्यमची, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी मात्र तेव्हा करून घेतली, आणि तुम्हीही करा. सूक्ष्म उद्योगाचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावं हा कायदा 2006 पासून आहे, पण कुणी विचारत नव्हतं. 2023-24 च्या आर्थिक वर्षापासून मुदतीत पैसे दिले नाहीत तर कंपनीला तो खर्च त्या वर्षी आयकरात दाखवता येत नाही, तेव्हापासून अकाउंट्सवाले स्वतःहून फोन करतात. कोटेशन देताना आकडा सांगा आणि गप्प बसा. पुढचं वाक्य जो बोलेल तो दर कमी करतो.

आता आम्ही चौघं आहोत. दोन मुली तयार केल्यात, एक नांदगावची, एक इथलीच. त्यांना पहिल्या दिवशी सांगितलं, काडी वापरायची नाही, आपापलं शोधा, आणि ज्याचं आहे त्याला आधी विचारा. ते सर अजून कार्यक्रम करतात. बोटं किती झालीत माहीत नाही.

अण्णा दर कार्यक्रमाचे पाचशे घेतात, रोख, गाडीत बसल्या बसल्या. टीडीएस कापायचा नाही अशी अट आहे. यंदा गुडघे कुरकुरतायत, एका ठिकाणी दोन जिने चढून कॅन्टीन होतं, तिथून उतरताना म्हणाले, “आता वरचं घेऊ नको.” त्याच रात्री कोटेशनच्या नमुन्यात अटींखाली सातवी ओळ घातली : कार्यक्रमाची जागा तळमजल्यावर असावी.