खालच्या घरातला पंखा आणि माझे टर्नटेबल

गेल्या पावसाळ्यात आमच्या बैठकीच्या खोलीतील संगीतयंत्रणेचा रॅक बदलण्याचे काम मी हाती घेतले आणि ते मनासारखे पूर्ण होण्यास जवळजवळ आठ महिने लागले. आम्ही कोथरूडमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो. इमारत नव्वदच्या दशकातली, आर.सी.सी. बांधकामाची, आणि खोली अठरा फूट लांब व बारा फूट रुंद आहे. टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवणारे यंत्र), व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांचा, प्रीअँप्लिफायर, फोनो स्टेज (सुईकडून येणारा क्षीण संकेत वाढवणारे यंत्र), सीडी प्लेअर आणि मोठ्या ट्रान्सफॉर्मरचा पॉवर अँप्लिफायर अशी सगळी यंत्रे कितीतरी वर्षे दोन स्पीकरांच्या बरोबर मधोमध ठेवलेल्या, काचेच्या फळ्या असलेल्या सागवानी शोकेसमध्ये होती. तक्रार एकच होती, पण ती जुनी होती. रेकॉर्ड लावली की स्पीकरच्या वूफरचे, म्हणजे खालचे सूर काढणाऱ्या भागाचे, कोन (शंकूच्या आकाराचे पडदे) गाणे सुरू होण्यापूर्वीच संथपणे आत-बाहेर हलू लागत. आवाज वाढवला की डग्ग्याची घुमक फुगून पसरत असे, आणि तीच मैफल सीडीवरून ऐकताना असे काहीही होत नसे.

या तक्रारीशी माझी ओळख लहानपणापासूनची आहे. सदाशिव पेठेत माझ्या काकांचा वाडा होता आणि त्यांचा रेकॉर्ड प्लेअर माडीवरच्या दिवाणखान्यात असे. तुळयांवर फळ्या ठोकून केलेली ती जमीन होती. जिन्यावरून कोणी घाईने वर आले की सुई खाचेतून उडत असे, म्हणून काकांनी टोनआर्मच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या दांडीच्या, डोक्यावर आठ आण्यांचे नाणे चिकटवले होते. त्या काळी अनेक घरांत हाच उपाय केला जात असे. त्याने सुई उडायची थांबते, परंतु वाढलेल्या भाराने खाच झिजते. त्या रेकॉर्डी आज माझ्याकडे आहेत.

टर्नटेबल इतके हळवे का असते, हे आधी सांगायला हवे. माणसाच्या केसाची जाडी साधारण सत्तर मायक्रॉन असते, आणि रेकॉर्डच्या खाचेतील हलक्या स्वरांची वळणे एका मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. सुई ही हालचाल विजेत बदलते, मात्र ती हालचाल खाचेमुळे झाली की खाच असलेली तबकडीच हलल्यामुळे झाली, हा फरक तिला कळू शकत नाही. त्यातच रेकॉर्ड कापताना खालचे सूर मुद्दाम लहान केलेले असतात आणि फोनो स्टेज ते पुन्हा मोठे करते. १००० हर्ट्झच्या (सेकंदाला १००० कंपनांच्या) तुलनेत २० हर्ट्झचा संकेत सुमारे नऊ पटींनी वाढवला जातो. जमिनीतून येणारी कंपने नेमकी याच खालच्या पट्ट्यात असल्यामुळे तीही तितकीच वाढतात. शिवाय टोनआर्म आणि कार्ट्रिज (सुई बसवलेली डबी) यांची जोडी हीसुद्धा एका अर्थी स्प्रिंगवर टांगलेले वजनच असते. माझ्या टोनआर्मचे परिणामी वस्तुमान, म्हणजे हलताना सुईला जाणवणारे वस्तुमान, १० ग्रॅम आहे, स्क्रूंसह कार्ट्रिज ७ ग्रॅमचे आहे, आणि कार्ट्रिजच्या सुईची लवचिकता १५ (मायक्रॉन प्रति मिलिन्यूटन) धरली तर या जोडीची नैसर्गिक वारंवारता, म्हणजे धक्का बसल्यावर ती आपोआप ज्या गतीने झुलते ती, सुमारे १० हर्ट्झ येते. हा आकडा चांगला मानला जातो, कारण तो संगीताच्या खाली आणि वाकलेल्या रेकॉर्डच्या हेलकाव्यांच्या वर पडतो. तरीही १० हर्ट्झच्या आसपास जमीन थरथरली, तर तो थरकाप याच ठिकाणी सर्वांत मोठा होऊन बाहेर येणार, हे त्यातूनच ठरते.

माझे पहिले पाऊल चुकीच्या समजुतीवर पडले. जड आणि भक्कम म्हणजे निश्चल, असे मी धरून चाललो होतो. परदेशी रॅकच्या किमती काही लाखांत जातात, म्हणून मी एका फॅब्रिकेटरकडून ४० मिमीच्या चौकोनी एम.एस. (साध्या पोलादाच्या) पाइपचा, सहा पायांचा, दोन खणी, बैठा सांगाडा जोडून घेतला. बारीक वाळू कढईत भाजून कोरडी केली आणि पाय तीन-चतुर्थांश भरले. सहा पायांत मिळून सुमारे पाच किलो वाळू मावली. कण एकमेकांवर घासतात आणि कंपनांची ऊर्जा उष्णतेत जाते, म्हणून वाळू भरायची. बोटाने टिचकी मारली की रिकामा पाइप घंटेसारखा वाजतो आणि भरलेला पाइप मुका होतो, इतका हा फरक उघड आहे. फळ्यांसाठी भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमधून २५ मिमीचे बर्च प्लायवुड आणले, आणि खाली टोकदार स्पाइक लावून त्यांच्याखाली फरशी फुटू नये म्हणून पितळी चकत्या ठेवल्या. रॅक देखणा झाला, काचेच्या फळ्यांचा किणकिणाट गेला, आणि वूफरचे कोन मात्र पूर्वीइतकेच हलत राहिले.

तेव्हा मी मोजमापाकडे वळलो. खरे तर सुरुवात तिथूनच व्हायला हवी होती. पद्धत सोपी आहे आणि त्यासाठी वेगळे उपकरण लागत नाही, कारण घरातील सर्वांत संवेदनशील कंपनमापक म्हणजे टर्नटेबलची सुईच होय. मोटर बंद ठेवून सुई थांबलेल्या रेकॉर्डवर अलगद टेकवायची, फोनो स्टेजचा संकेत स्पीकरकडे न देता संगणकात घ्यायचा आणि ऑडॅसिटीसारख्या विनामूल्य प्रणालीत त्याचा वर्णपट, म्हणजे कोणत्या वारंवारतेचे कंपन किती आहे ते दाखवणारा आलेख, पाहायचा. कोणी चालत असताना, रस्त्यावरून बस जात असताना, रॅकवर बोट आपटताना अशी निरनिराळी ध्वनिमुद्रणे मी केली. चालण्याचे ठोके अपेक्षेप्रमाणे दिसले. आमचे कपडे धुण्याचे यंत्र कपडे पिळताना मिनिटाला १२०० फेरे घेते, त्याची २० हर्ट्झवरची रेघ लख्ख दिसली. पण एक रेघ मला बरेच दिवस उलगडली नाही. ती ५.५ हर्ट्झच्या आसपास होती, रात्री जोरात असे आणि सकाळी नाहीशी होत असे. आमच्या घरातील सगळे पंखे बंद केले तरी ती जात नव्हती. शेवटी लक्षात आले की छताचा पंखा मिनिटाला ३३० फेरे घेत असेल तर त्याची वारंवारता बरोबर ५.५ हर्ट्झ येते, आणि खालच्या घरातला पंखा ज्या स्लॅबला टांगलेला आहे त्याच स्लॅबवर माझा रॅक उभा आहे. खालच्या काकूंना विनंती केली. त्यांनी दोन मिनिटे पंखा बंद केला आणि रेघ गेली.

स्पाइकविषयी इथे स्पष्ट बोलले पाहिजे, कारण त्यांच्याबद्दल बरेच गैरसमज आहेत. स्पाइक कंपने एकाच दिशेने वाहू देतो, वरची खाली जातात आणि खालची वर येत नाहीत, असे सांगितले जाते. पोलादाच्या टोकाला अशी दिशा ठाऊक नसते. स्पाइक वस्तूला जमिनीशी घट्ट जोडतो. जाड गालिच्यावर स्पीकर डुलत असेल तर तो स्थिर करण्यासाठी त्याचा खरोखर उपयोग आहे, पण आपल्याकडच्या उघड्या फरशीवर, स्लॅब थरथरत असताना, टर्नटेबलाखाली स्पाइक लावणे म्हणजे ती थरथर इमानाने वर पोहोचवणे आहे.

कंपने अडवायची तर वजन आणि जमीन यांच्यामध्ये काहीतरी मऊ असावे लागते आणि त्याचा मऊपणा मोजून ठरवावा लागतो. स्प्रिंगवर ठेवलेल्या वजनाची एक नैसर्गिक वारंवारता असते. तिच्या सुमारे १.४ पटीच्या वरची कंपने कमी होऊ लागतात, त्याखालची अडत नाहीत, आणि नैसर्गिक वारंवारतेच्या जवळची तर वाढतात. ही वारंवारता काढण्यासाठी वजनाखाली स्प्रिंग किती मिलिमीटर दबते एवढे पुरते. त्या आकड्याच्या वर्गमुळाने १५.८ ला भागले की हर्ट्झमध्ये उत्तर मिळते. १० मिमी दबणारी स्प्रिंग ५ हर्ट्झ देते आणि २५ मिमी दबणारी स्प्रिंग ३.१५ हर्ट्झ देते. एक-दोन मिलिमीटर दबणाऱ्या रबरी चकतीकडून काय मिळेल, हेही याच हिशोबात कळते. हा विचार नवा नाही. एडगर व्हिल्चर यांनी १९६१ साली अकूस्टिक रिसर्चच्या टर्नटेबलमध्ये प्लॅटर (रेकॉर्ड ठेवायची फिरती थाळी) आणि टोनआर्म एकाच पट्टीवर बसवून ती पट्टी तीन मऊ स्प्रिंगांवर तरंगती ठेवली होती, आणि नंतरच्या कितीतरी नामांकित टर्नटेबलांनी तीच वाट धरली.

माझ्या टर्नटेबलला अशी आतली स्प्रिंग नाही. म्हणून मी आधी बाजारात तयार मिळणारे स्प्रिंगचे पाय आणले. ते माझ्या वजनाखाली साधारण १० मिमी दबले, म्हणजे वारंवारता ५ हर्ट्झ झाली. चालण्याचे ठोके आणि २० हर्ट्झची रेघ दोन्ही झपाट्याने उतरले, मात्र रात्री पंखा सुरू झाला की ५.५ हर्ट्झची रेघ पूर्वीपेक्षा कितीतरी उंच जात असे आणि वूफर अधिकच हलू लागले. पायांचा त्यात दोष नव्हता. पंख्याच्या वारंवारतेला अगदी लागून असलेली वारंवारता मीच निवडली होती.

मग गणित उलट दिशेने मांडले. टर्नटेबल ९ किलोचे आहे. त्याच्याखाली ६०० बाय ४५० मिमी आकाराचा आणि २० मिमी जाडीचा कडप्पा घ्यायचे ठरवले. स्वयंपाकघराच्या ओट्याला वापरतात तोच हा काळा दगड, आणि या मापात त्याचे वजन साडेचौदा किलोच्या आसपास भरते. चार स्प्रिंगांवर प्रत्येकी सहा किलो धरले आणि प्रत्येक स्प्रिंग २५ मिमी दबायला हवी असे ठरवले, तर २.५ मिमी जाडीची तार, ३० मिमी सरासरी व्यास आणि सहा कार्यरत वेढे असे माप निघाले. भोसरीच्या एका छोट्या कारखान्यात चार स्प्रिंगांची मागणी कोणी घेईल का, अशी शंका होती, पण तिथल्या कारागिराने ती घेतली आणि भाराखाली तपासूनही दिल्या. मोकळी लांबी ६० मिमी ठेवली, म्हणजे दबल्यानंतरही वेढे एकमेकांना टेकत नाहीत.

नव्या मांडणीत वारंवारता ३.२ हर्ट्झच्या आत आली. हिशोबाने पंख्याची कंपने निम्मी, १० हर्ट्झची सुमारे एक-नवमांश आणि २० हर्ट्झची चाळिसाव्या हिश्श्याच्या जवळ उरायला हवीत, आणि वर्णपटात आकडे साधारण तसेच आले. २० हर्ट्झची रेघ आता गोंगाटात शोधूनही सापडत नाही. पहिल्या दिवशी मात्र दगडाला धक्का लागला की तो बराच वेळ डुलत राहायचा. म्हणून प्रत्येक स्प्रिंगच्या पोटात फोमचा तुकडा सैलसर बसवला. तो फार घट्ट केला तर वरच्या वारंवारतांचा अटकाव कमी होतो, त्यामुळे दोन-तीन हेलकाव्यांत दगड थांबावा इतकाच ठेवला. टर्नटेबलचे वजन चारी कोपऱ्यांवर सारखे नसते; मोटरच्या बाजूच्या स्प्रिंगा थोड्या बाहेर सरकवून पाणसळ लावून दगड समतल केला. टोनआर्मची जाड, ताठ केबल फळीला चिकटून गेली होती आणि तिच्यातून कंपने स्प्रिंगांना वळसा घालून वर येत होती. ती सैल झोळ देऊन टांगल्यावर वर्णपटात आणखी थोडी सुधारणा झाली. हा मुद्दा फारसा बोलला जात नाही, पण तो खरा आहे.

हवेतून येणाऱ्या आवाजावर स्प्रिंगचा उपाय चालत नाही. सुई थांबलेल्या रेकॉर्डवर ठेवून सीडी वाजवली आणि सुईला काय ऐकू येते ते टिपले, तेव्हा स्पीकरांच्या मधली जुनी जागा आणि खोलीचा कोपरा या दोन्ही वाईट ठरल्या. रॅक बाजूच्या भिंतीच्या मध्यावर नेला आणि वाजवताना टर्नटेबलचे झाकण काढून ठेवू लागलो. एक रुपयाही खर्च न होता मिळालेली ही सुधारणा स्प्रिंगांच्या खालोखाल मोठी आहे.

बाकीच्या यंत्रांचा अनुभव थोडक्यात सांगतो. पॉवर अँप्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर १०० हर्ट्झने गुणगुणतो आणि ती गुणगुण फळीतून पसरते. म्हणून अँप्लिफायर रॅकवरून काढून जमिनीवर वेगळ्या पाटावर ठेवला. प्रीअँप्लिफायरमधील ईसीसी ८३ व्हॉल्व्हवर पेन्सिलीने हलके टकटक केले की स्पीकरमधून टणत्कार ऐकू येतो. त्याच्याखाली वजनाला साजेशा सॉर्बोथेनच्या (कंपने शोषणाऱ्या मऊ, रबरासारख्या पदार्थाच्या) अर्धगोल गोट्या ठेवल्यावर फळीवर केलेली टकटक ऐकू येईनाशी झाली. संगीत ऐकताना त्याने फरक पडला असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. सीडी प्लेअरखाली मी तीन निरनिराळे पाय महिनाभर बदलून पाहिले आणि मला काहीही वेगळे ऐकू आले नाही.

टर्नटेबलच्या बाबतीत मात्र शंकेला जागा नाही. वूफरचे कोन स्थिर झाले आहेत, आणि जो कोन निष्कारण हेलकावत नाही त्याच्याकडून मधले सूरही स्वच्छ निघतात. विलंबित ख्यालात गायक श्वास घेतो त्या रिकाम्या जागी तानपुऱ्याची एकेक तार, पंचम, मग जोडीच्या तारा, मग खर्ज, आपापल्या जागी उमटते आणि जवारीची झालर शेवटपर्यंत ऐकू येते. डग्ग्यावरची मींड पूर्वी नुसता घुमारा वाटे, आता ती कुठून कुठे सरकली ते कळते.

काकांच्या रेकॉर्डी मी सर्वांत शेवटी लावल्या. त्यांतल्या एका ख्यालाच्या दुसऱ्या बाजूला, साधारण मध्यावर, वाड्यात सुई हमखास उडायची. मुलाला मुद्दाम खोलीभर उड्या मारायला सांगितल्या, तरी आता ती तिथून सरळ पुढे जाते. त्या दोन-तीन फेऱ्यांत चरचर मात्र ऐकू येते, कारण नाण्याच्या भाराने झालेली ती झीज खाचेतच आहे.