ब्रिटनमधला बाळंतपणाचा भत्ता, पक्की नोकरी नसलेल्यांसाठीसुद्धा

इथल्या बहुतेक व्हिसांवर सरकारी निधीतून मदत मिळणार नाही अशी अट असते. ती वाचून आपल्याकडच्या बऱ्याच मुली बाळंतपणाचा भत्ता मागतच नाहीत. खरं तर मालकामार्फत मिळणारा स्टॅच्युटरी मॅटर्निटी पे आणि सरकारकडून थेट मिळणारा मॅटर्निटी अलाउन्स, दोन्ही त्या अटीत येत नाहीत. चाइल्ड बेनिफिट, म्हणजे मुलांसाठीचा सरकारी भत्ता, मात्र येतो, त्यामुळे व्हिसावर ती अट असताना त्याचा अर्ज करू नका.

नोकरदार बाईचा हिशोब सोपा आहे. बाळंतपणाच्या अपेक्षित आठवड्याआधीच्या पंधराव्या आठवड्यापर्यंत त्याच मालकाकडे सलग २६ आठवडे काम झालेलं हवं आणि आठवड्याची सरासरी कमाई किमान १२५ पौंड हवी. मग पहिले ६ आठवडे सरासरी पगाराच्या ९० टक्के आणि पुढचे ३३ आठवडे १८७.१८ पौंड किंवा ९० टक्के, जे कमी असेल ते मिळतं. (इथले सगळे दर २०२५-२६ चे आहेत, दर एप्रिलला ते तपासून घ्या.) यातले ९२ टक्के मालकाला सरकारकडून परत मिळतात, छोट्या मालकाला तर १०८.५ टक्के. आपल्याकडे २०१७ पासून २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे, पण कर्मचारी राज्य विमा योजनेत (ईएसआय) नसलेल्या ठिकाणी तो सगळा पगार मालकाच्या खिशातून जातो. मुलाखतीत ‘लग्न कधी करणार?’ का विचारतात, ते यावरून कळावं.

नोकरी मध्येच बदलली, एजन्सीमार्फत तुटक काम केलं किंवा घरून डबे, शिकवण्या, शिवणकाम केलं, तर मॅटर्निटी अलाउन्सकडे वळायचं. अपेक्षित तारखेच्या आठवड्याआधीचे ६६ आठवडे मोजतात. त्यातल्या २६ आठवड्यांत काम केलेलं हवं, आणि आठवड्यात एकच दिवस काम असलं तरी तो आठवडा धरतात. हे २६ आठवडे सलग असण्याची गरज नाही. नोकरीतल्या बाईची शिवाय कोणत्याही १३ आठवड्यांत आठवड्याला ३० पौंड कमाई हवी; हेही सलग नकोत, त्यामुळे सगळ्यात जास्त कमाईचे आठवडे निवडा. भत्ता ३९ आठवडे मिळतो, आठवड्याला जास्तीत जास्त १८७.१८ पौंड. रोखीने, पेस्लिपशिवाय केलेल्या नोकरीचा पुरावा देणं अवघड जातं आणि अर्ज तिथे अडू शकतो.

स्वतःचा व्यवसाय करणाऱ्यांची गफलत वेगळीच असते. नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे इथला सरकारी सामाजिक विमा, त्यातल्या व्यावसायिकांसाठीच्या क्लास २ वर्गणीचा हिशोब करविवरणपत्रासोबत, म्हणजे बहुधा बाळ झाल्यावर होतो. अर्ज तपासताना ६६ पैकी किमान १३ आठवड्यांची वर्गणी दिसली नाही, तर भत्ता आठवड्याला २७ पौंडांवर येतो. अशा वेळी कर खात्याचं पत्र येतं, की वर्गणी आधीच भरून टाका. ते पत्र जाहिरातीच्या गठ्ठ्यात टाकू नका. ३.५० पौंडांप्रमाणे १३ आठवड्यांचे ४५.५० पौंड भरले, की ३९ आठवड्यांत १,०५३ पौंडांऐवजी जास्तीत जास्त ७,३०० पौंड हाती येतात. व्यवसायाची नोंदणी मात्र आधीच झालेली हवी.

कागदपत्रांचा क्रम असा. गरोदरपणाचे वीस आठवडे झाल्यावर मिडवाइफ किंवा डॉक्टरकडून मॅट बी १, म्हणजे अपेक्षित तारखेचा दाखला घ्या. नोकरी असेल तर रजेची सूचना अपेक्षित आठवड्याच्या किमान पंधरा आठवडे आधी द्या. मालकाने मॅटर्निटी पे नाकारला, तर त्याच्याकडून एसएमपी १ फॉर्म मागा. नकाराचं कारण त्यात लिहिलेलं असतं आणि अलाउन्सच्या अर्जाला तो जोडावा लागतो. गरोदरपणाचे सव्वीस आठवडे झाले, की अलाउन्सचा एमए १ अर्ज पाठवा. लवकरात लवकर, अपेक्षित आठवड्याच्या ११ आठवडे आधीपासून पैसे सुरू होऊ शकतात.

एक बोचरी बाब युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना मिळणारी सरकारी मदत) घेणाऱ्या, म्हणजे कायम वास्तव्याचा हक्क मिळालेल्या कुटुंबांसाठी. मालकाकडचा मॅटर्निटी पे तिथे कमाई म्हणून धरतात, त्यामुळे कपात अंशतःच होते. अलाउन्स मात्र पौंडामागे पौंड वजा होतो. म्हणजे जिची नोकरी कच्ची, तिच्याच हातात कमी उरतं. धोरण आखणाऱ्यांना हे आजवर सुधारता आलेलं नाही.

भत्ता चालू असताना १० दिवसांपर्यंत काम करता येतं, अकराव्या दिवसापासून पैसे कापले जाऊ शकतात. अर्ज राहून गेला असेल, तर मागचे फक्त ३ महिने भरून मिळतात.