ओडोन्टोटर्मिसचं पोळं पुन्हा गेलं

ओडोन्टोटर्मिस म्हणजे बुरशी पिकवून खाणारी वाळवी; पोळं म्हणजे वारुळातली तिची बुरशीची बाग. डब्यात आणून ठेवलेल्या पोळ्यावर पाचव्या दिवशी पांढरे तुरे उभे, टोकं काळपट. स्यूडोझायलेरिया ही तणासारखी बुरशीच. म्हणजे गेल्या खेपेचं ‘दमटपणा कमी पडला’ हे निदान चुकलं. यंदा प्लास्टरचा तळ ओलाच होता, आर्द्रतामापक ९९ टक्के दाखवत होता. (स्वस्तातल्या मापकावर ९५ च्या वर विसंबू नका. झाकणात ओलसर मीठ घेऊन मापकासोबत हवाबंद पिशवीत १२ तास ठेवा; ७५ यायला हवं. माझा ८१ दाखवतो!)

ही बुरशी पोळ्यात आधीपासून दबा धरून असते; कामकऱ्यांची राखण थांबली की डोकं वर काढते. डब्यात ४० ग्रॅम पोळं आणि १५० कामकरी होते. प्रमाण व्यस्त आहेच, पण खरी गोम वेगळी. ते कामकरी झाडाच्या सालीवरच्या मातीच्या थराखालून जमवलेले, म्हणजे चारा आणणारे, वयस्क. चारा आणि पिकवलेल्या बुरशीच्या पांढऱ्या गाठी खाऊन पोळ्यावर नवा थर चढवणारे तरुण असतात आणि ते घरातच राहतात. बाग आणली, माळी वारुळातच राहिले.

पुढच्या वेळी पोळं झटकायचं नाही. अक्रोडाएवढा तुकडा अंगावरच्या वाळवीसकट उचलायचा, खालची बाजू खालीच ठेवून. चिमट्याने पोटं फुटतात. ओला मऊ ब्रशच बरा.

क्रिप्टोटर्मिस ब्रेव्हिस या सुक्या लाकडातल्या वाळवीचा डबा मात्र मजेत. राजा-राणीविना ठेवलेल्या २० जणांतून बदली जोडी तयार झाली; जास्तीचे दावेदार मारले गेले. फटीत अंडी दिसतात. खाली खसखशीएवढ्या विष्ठेच्या गोळ्या, भिंगाखाली सहा पैलू स्पष्ट. विष्ठेतलं पाणी मलाशयातच शोषलं जातं, म्हणून सुकं लाकूड पुरतं. पाणी फवारलंत तर बुरशी आणि माइट्स हमखास. लाकूड पचवायला त्यांच्या आतड्यात कशाभधारी (शेपटीसारख्या धाग्यांचे एकपेशीय) जीव असतात. ओडोन्टोटर्मिसकडे ते नाहीत, त्यांचं काम बाहेरची बुरशी करते. म्हणून दोन्ही डबे एकाच आर्द्रतेवर ठेवून तुलना करण्यात अर्थ नव्हता.

लिहितानाच सुचलं: पोळं आणायचंच कशाला? पावसात उडालेली ओडोन्टोटर्मिसची पंखवाली जोडी माती भरलेल्या नळीत बसवावी. ती सोबत बुरशी आणत नाही. पहिले कामकरी बाहेर पडून बीजाणू आणतात. तेव्हा वारुळावरच्या अळंबीच्या (ती याच पिकवलेल्या बुरशीची) पटलांचं, म्हणजे छत्रीखालच्या पापुद्र्यांचं, पाणी कुजक्या लाकडाच्या भुशात कालवून त्यांच्यापुढे ठेवायचं. ब्रशची खेप रद्द नाही, पण आधी दहा नळ्या भरतो. अळंबी उमलल्याबरोबर पटलं कागदावर वाळवून ठेवा, दोन दिवसांत ती किड्यांनी भरते.