कुलकुल वळायला या

डिसेंबर लागला की ऑफिसात मला एकच प्रश्न येतो: "काय गं, यंदा केक कधी आणणार?" विचारणारी माणसं मायेनं विचारतात, मीही आनंदानं केक नेते. पण केकच्या मागे आमचा आख्खा नाताळ झाकला जातो, याचं मला वाईट वाटतं. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

आम्ही मुंबईच्या मरोळ गावठाणातले ईस्ट इंडियन. साष्टीच्या बेटावर शेती आणि मासेमारी करणाऱ्या, मराठी बोलणाऱ्या कॅथलिकांपैकी. संघटनेच्या रूपानं हे नाव पक्कं झालं १८८७ साली, आमची भातखाचरं त्याच्या कितीतरी आधीची. आता ती खाचरं नाहीत, तिथे मेट्रोचे खांब आणि ऑफिसं आहेत. जेवणात मात्र तांदूळ, नारळ आणि मसाला अजून तसाच आहे.

आमच्या घरी नाताळ सुरू होतो उन्हाळ्यातच. एप्रिल-मेच्या कडक उन्हात मिरच्या, धणे, हळकुंडं, तीळ, खसखस आणि बाकीचं बरंच काही वाळवायचं, भाजायचं आणि कुटायचं. पूर्वी कुटणाऱ्या बायका गावठाणागावठाणातून फिरायच्या. दोघी-तिघी एकाच उखळाभोवती उभ्या राहून आळीपाळीनं मुसळ मारायच्या, आणि एकीचाही ताल चुकत नसे. मग तो मसाला बिअरच्या गडद बाटल्यांत काठीनं ठासून भरायचा. हा आमचा बॉटल मसाला. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं, आणि ते शेजारणीला कुणी सांगत नाही.

खरी धांदल नाताळच्या आधीच्या आठवड्यात. सोरपोटेल, म्हणजे डुकराच्या मांसाचं आंबट-तिखट कालवण, दोन-तीन दिवस आधी शिजवून ठेवायचं, कारण व्हिनेगर मुरल्याशिवाय त्याला चव येत नाही. त्याच्याबरोबर फुगे. मैदा, अंडी आणि नारळाच्या दुधाचं सैल पीठ हातानं फेटून फेटून आंबवायचं (आजी त्यात ताडी घालायची, आम्ही यीस्ट घालतो), मग मुठीत घेऊन अंगठ्याजवळून गोळा पिळून गरम तेलात सोडायचा. तो आपोआप टम्म फुगतो. फेटायला दंडात ताकद लागते, म्हणून ते काम आमच्याकडे पुरुषांचं.

आणि कुलकुल, म्हणजे तळलेला गोड खाऊ. मैद्याची छोटी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा नव्या कोऱ्या कंगव्यावर दाबायची आणि गुंडाळत आणायची. शंखासारखी रेघारेघांची वळी तयार होते. एक वळायला फार तर दहा सेकंद, पण किलोभर पिठाचे शेकडो होतात. एकट्या बाईनं करायला बसावं तर रात्र सरेल. म्हणून जमिनीवर जुनी चादर अंथरून सगळे बसतात: काकी, आत्या, मुलं, समोरच्या घरातली मंडळी. दिवाळीच्या करंज्यांना चाळीतल्या बायका जमायच्या, तसंच हे.

हे सगळीकडे असंच असतं, ते मला माझ्या भावामुळे कळलं. तो मालवाहू जहाजावर कुक आहे, आणि डिसेंबरात बहुतेक वेळा समुद्रावरच असतो. जहाजावर फिलिपिनो खलाशी पुष्कळ. त्यांच्या देशात १६ ते २४ डिसेंबर रोज पहाटे मिस्सा (चर्चमधली प्रार्थना) असते आणि चर्चबाहेर बिबिंगका नावाचा केक विकायला बसलेले असतात. तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध केळीच्या पानावर ओतायचं, खाली निखारे, वर झाकणावर निखारे. जहाजावर निखारे कुठले? भावानं ओव्हनमध्ये करून दिलं. त्या रात्री त्याचा फोन आला, "अगं बाय, हे तर आपलंच आहे गं! तांदूळ, नारळ, केळीचं पान, सगळं तेच." खलाशांनी पुठ्ठा आणि तारेचा मोठा तारा करून मेसमध्ये टांगला होता. तिथे त्याला पारोल म्हणतात. आमच्या गल्लीतही दारोदारी तारे लागतात, त्याला ते बघून घर आठवलं.

त्याच जहाजावर एक पोलिश चीफ इंजिनियर होते. पोलंडमध्ये मुख्य जेवण २४ तारखेच्या संध्याकाळी, आकाशात पहिला तारा दिसल्यावर. बारा पदार्थ, आणि मांस अजिबात नाही. बिटाचं सूप, त्यात कानाच्या आकाराचे चिमुकले मोदकासारखे पदार्थ, जे घरातली माणसं बसून हातानं मुडपतात. जेवणाआधी ओप्वातेक नावाची पातळ पांढरी वडी असते. प्रत्येकानं दुसऱ्याच्या वडीचा तुकडा मोडून घ्यायचा आणि त्याला शुभेच्छा द्यायच्या. इंजिनियरसाहेबांच्या बायकोनं ती त्यांच्या सामानात बांधून दिली होती. त्यांनी ती कप्तानापासून भांडी घासणाऱ्या पोऱ्यापर्यंत सगळ्यांबरोबर मोडली. पोलिश घरात त्या रात्री एक ताट जास्तीचं मांडतात, अचानक येणाऱ्या पाहुण्यासाठी. हे भावानं सांगितलं तेव्हा आई काही बोलली नाही, उठून कुलकुलचा एक डबा भरला आणि कपाटात वर ठेवून दिला. तेव्हापासून भावाच्या नावाचा डबा दरवर्षी निघतो. कोरडे कुलकुल घट्ट झाकणात टिकतातही चांगले.

मग मी वाचत आणि विचारत गेले. व्हेनेझुएलात नाताळला आयाका करतात. मक्याच्या पिठात मांसाचं कालवण, ऑलिव्ह आणि मनुका भरून केळवर्गातल्या पानात गुंडाळायचं आणि दोऱ्यानं बांधायचं. एक पानं पुसतो, एक पीठ थापतो, एक भरतो, एक गाठ मारतो. आणि प्रत्येकाची खात्री असते की उत्तम आयाका आपल्याच आईची. मेक्सिकोत तमाले करायलाही असंच घर जमतं. इंग्लंडमध्ये नाताळचं पुडिंग ॲडव्हेंटच्या (नाताळआधीच्या तयारीच्या काळाच्या) आधीच्या रविवारी कालवतात, आणि घरातल्या प्रत्येकानं एकदा पळी फिरवून मनात इच्छा धरायची. लहान मूलसुद्धा सुटत नाही.

जपानचं वेगळं. तिथे २५ डिसेंबरला सार्वजनिक सुट्टीही नसते. १९७४ मध्ये केएफसीनं मोठी जाहिरात मोहीम केली, तेव्हापासून तळलेलं चिकन, आणि त्याच्याही आधीपासूनचा स्ट्रॉबेरी-क्रीमचा केक, हाच तिथला नाताळ. लोक आधीपासून ऑर्डर नोंदवतात. मी त्याला नावं ठेवणार नाही, कामावरून थकून आलेली माणसं एकत्र बसून जेवतात हे मोठंच आहे. पण मला तो नाताळ पुरणार नाही. मला सणाचं जेवण असं हवं, की त्याला पुष्कळ हात लागतील. मला वाटतं म्हणूनच जगभर सणासाठी असे वेळखाऊ पदार्थ टिकले: ते करायचे तर माणसं बोलवावीच लागतात.

आणि आमच्याकडे आता तीच कमी होत चालली आहेत. काकीचं घर वसईला गेलं, आत्याची मुलं कॅनडात. कुलकुल वांद्र्याच्या दुकानांत किलोवर मिळतात, चवीला वाईटही नसतात. तरी यंदा मी ठरवलंय की विकत आणायचे नाहीत. बिल्डिंगमधल्या जोशीकाकू दिवाळीला फराळाचं ताट पाठवतात आणि नाताळला मी ते भरून परत करते. यंदा ताटाआधी त्यांनाच बोलावलंय, नातवंडांसकट.

तुम्हाला घरी करायचे असतील तर आमचं प्रमाण असं: अर्धा किलो मैदा, मूठभर बारीक रवा, चार चमचे लोणी, वाटीभर पिठीसाखर, एक अंडं, चिमूटभर मीठ, आणि घट्ट मळण्यापुरतं नारळाचं दाट दूध. ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवा. वळी दाबताना काट्याला तुपाचं बोट लावा, नाहीतर चिकटते. मंद आचेवर तळा, घाई केली तर आतून कच्चे राहतात. अंडं नको असेल तर थोडं दूध वाढवा, जोशीकाकूंसाठी मी तसाच वेगळा गोळा मळणार आहे.

मरोळच्या जवळपास राहत असाल तर नाताळच्या आधीच्या रविवारी दुपारी या. चहा आमच्याकडे. काटे मात्र आपापले आणा, घरात तेवढे नाहीत.