तुम्ही विचारलंत म्हणून: आईच्या नावाचा पुरस्कार केवढ्याला पडतो?

"आईच्या नावानं दरवर्षी एक पुरस्कार द्यायचा म्हणतो. पाच हजारांचा. संस्थेकडे किती भरू?"

वर्षाकाठी चार-पाच जण तरी मला हे विचारतात. नागपुरातल्या एका छोट्या साहित्य संस्थेचा मी कोषाध्यक्ष. बँकेतून निवृत्त झालो, म्हणून हे काम गळ्यात पडलं. विचारणाऱ्याने मनात एक लाख धरलेले असतात. लाखाची मुदत ठेव, व्याजातून पाच हजार, झालं.

मीही एकेकाळी तसंच धरलं होतं. २०१२च्या सुमारास बँका नऊ टक्क्यांच्या आसपास देत होत्या. लाखाचे नऊ हजार यायचे, पाच पुरस्काराला आणि चार कार्यक्रमाला. २०२०-२१ येईपर्यंत दर साडेपाचवर घसरला. पाच हजार पाकिटात गेले की उरले पाचशे, त्यात शाल बसवा नाहीतर नारळ. देणगीदाराकडे जाऊन "आणखी थोडे भरा" म्हणायला जीभ रेटत नाही. नोबेलवाल्यांनीही २०१२ साली एक कोटी स्वीडिश क्रोनरचं पारितोषिक ८० लाखांवर आणलं होतं, हे मी कार्यकारिणीत सांगून पाहिलं. सगळे हसले. रक्कम कमी करायला मात्र कुणी तयार झालं नाही.

आता आमचाच हिशेब सांगतो. चार पुरस्कार, म्हणजे वीस हजार. सभागृहाचं भाडं बारा हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी. हा जीएसटी नवे लोक हमखास विसरतात. तीन परीक्षकांचं मानधन नऊ हजार. पुस्तकं त्यांच्यापर्यंत पोचवायची असतात हेही कुणाच्या डोक्यात नसतं. पाव किलोची पंचेचाळीस पुस्तकं म्हणजे एकेका परीक्षकाला सव्वाअकरा किलोचा गठ्ठा! स्मृतिचिन्हं, शाल-श्रीफळ, पत्रिका, फलक, फोटोवाला, सव्वाशे लोकांचा चहा-आलुबोंडा, गाडीभाडं-मुक्काम, आणि वर दहा टक्के किरकोळ. (किरकोळीत गेल्या वर्षी एक स्मृतिचिन्ह पुन्हा करावं लागलं. नावातली वेलांटी चुकली होती.) बेरीज छ्याऐंशी हजारांवर जाते. म्हणजे पुरस्काराच्या रुपयामागे सव्वातीन रुपये इतर.

गाडीभाडं पूर्वी या यादीत नव्हतं. २०१६ साली झाडीबोलीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या बोलीत, लिहिणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांना पुरस्कार दिला. गडचिरोलीकडचे, सोबत नातू. भाषणं लांबली, पाहुण्यांनी अर्धा तास जास्त घेतला, सव्वानऊ वाजले. मी हिशेबाची पिशवी घेऊन विंगेत गेलो तर गुरुजी खुर्चीवर बसलेले. शाल घडी करून पिशवीत, स्मृतिचिन्ह मांडीवर. मला म्हणाले, "साहेब, गणेशपेठेहून आमच्याकडची शेवटची गाडी किती वाजताची?" आमच्या अंदाजपत्रकात रंगमंचावरच्या फुलांना तीन हजार होते. गुरुजींच्या मुक्कामाला एक पैसा नव्हता. एका कार्यकर्त्याने दोघांना घरी नेलं म्हणून निभावलं.

तेव्हापासून मी वहीत पहिली ओळ पुरस्कारार्थी आणि सोबतच्या एका माणसाच्या गाडीभाड्या-मुक्कामाची घालतो, दुसरी परीक्षकांची. सभागृह तिसरं. पैसे कमी पडले तर फुलं, फलक, रंगीत पत्रिका यांना कात्री. गाडीभाड्याला नाही. अध्यक्षांना हे पटत नाही. मोठा फलक नसेल तर फोटो चांगला येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

तारखेवरही पैसा ठरतो. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असतं. तेव्हा शहराच्या मध्यभागी, बर्डीच्या (सीताबर्डीच्या) बाजूला बऱ्या लॉजमध्ये खोली मिळणं मुश्कील, मिळाली तरी भाव चढलेला. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला, एसी नसलेल्या सभागृहात कोण येणार? २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, त्यामुळे त्याच्या आगेमागे सभागृहं आधीच गेलेली. आम्ही ऑगस्टात करतो. पावसाने गर्दी कमी होते, चहाही कमी लागतो.

तर किती भरायचे? एका पुरस्काराच्या वाट्याला साडेएकवीस हजार येतात. साडेसहा टक्के व्याज धरलं तर त्याला तीन लाख तीस हजारांची ठेव लागते. शिवाय करारपत्रात आता मी लिहूनच घेतो की पुरस्काराची रक्कम त्या वर्षीच्या व्याजाच्या पाव हिश्श्याहून जास्त असणार नाही.

हा आकडा ऐकला की फोनवर शांतता पसरते. काहींचा पुन्हा फोन येत नाही. मागच्या महिन्यात ज्यांनी विचारलं, त्यांचा चार दिवसांनी आला. "काका, तिघं भावंडं मिळून भरतो." पुरस्काराला आईचं माहेरचं नाव द्यायचं की सासरचं, यावर तिघांचं अजून एकमत झालेलं नाही. ठेवीची पावती मात्र माझ्या कपाटात आली आहे.